चावला की वॉरंटी गेली: पोरीचा गाणारा ब्रश, सात महिन्यांनंतर

‘सर, फोटो में बाइट मार्क्स दिख रहे हैं, यह फिजिकल डॅमेज में आता है.’

कस्टमर केअरच्या बाईंचं हे वाक्य ऐकून मी फोन कानाला तसाच धरून बसलो. माझ्या समोर पोरीच्या दात घासायच्या, बॅटरीवर थरथरणाऱ्या ब्रशचा खोका होता. त्यावर हसऱ्या अस्वलाच्या पोटावर ठळक छापलंय, ‘वय २ ते ५’. आता दोन वर्षांचं पोर ब्रश चावणार नाही तर काय करणार?

कंपनीचं नाव घेत नाही. असल्या ब्रशचे पाच-सहा भाऊबंद ऑनलाइन दिसतात, अस्वलाच्या जागी कुणाचा डायनासोर, कुणाचा ससा. फीचर सगळ्यांना पाठ असतील: दिवा, दोन मिनिटांचा टायमर, दर तीस सेकंदांनी हिसका, शेवटी शाबासकीची ट्यून, सी टाइप चार्जिंग, पाणी आत शिरू नये म्हणून आयपीएक्स ७ दर्जा. ते परत उगाळत नाही. मी दिवाळीच्या आधी १,२९९ रुपयांना घेतला, सोबत दोन हेड होती. पोरगी, म्हणजे चिऊ, तेव्हा दोन वर्षं एक महिन्याची होती.

आधीची परिस्थिती सांगतो, म्हणजे माझ्यासारख्या माणसाने ब्रशवर एवढे पैसे का घातले ते कळेल. चिऊ तोंड अशी मिटायची, की आत गुळाचा खडा दडवलाय असं वाटावं. बऱ्याचदा असायचाच. गुऱ्हाळं सुरू झाली की पाहुण्यांकडून ढेप आणि काकवीचा डबा येतो, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, नातीला ‘नाही’ म्हणायला अजून शिकलेले नाहीत. मग सकाळी बायकोने हात धरायचे, मी हनुवटी धरायची, आणि दोन ओरखडे मारून ‘झालं झालं’ म्हणायचं. मंगळवार पेठेतल्या भिंती कशा असतात ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. एकदा शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “काय वो, पोरीचं कान टोचताय काय?”

त्यामुळे ब्रश आला तो पहिला आठवडा, खरं सांगतो, नाद खुळा होता. पोरगी उठल्या उठल्या बेसिनकडे पळायची. “मी घासतो! मी घासतो!” (पुण्याच्या आत्याने फोनवर लगेच दुरुस्ती केली, ‘घासते म्हण’. आत्या, कोल्हापूरच्या पोरी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. दात घासायला तयार झालीय, व्याकरण नंतर बघू.) त्याच आठवड्यात मी रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे दिले असते, आणि तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की ती घासत नाही. ब्रश दाढेत धरते, बटण दाबते आणि डोळे मिटून उभी राहते, आजोबा खुर्चीत पाय दाबून घेतात तशी. ट्यून वाजली की ब्रश काढून ‘शाबास’ स्वतःच म्हणते आणि निघून जाते. वरचे पुढचे दात कोरडेच. आणि हेडचा खराटा झालेला.

खराटा म्हणजे कसा, ते जवळून बघण्यासारखं आहे. मधल्या तंतूंच्या दोन ओळी आडव्या, कडेचे बाहेर वाकलेले, प्लॅस्टिकच्या मानेवर दोन्ही बाजूंनी बारीक खड्डे, उंदराने साबण कुरतडल्यासारखे. मान जिथे दांड्यात घुसते तिथे रबराचं छोटं कडं आहे. त्या कड्यावरसुद्धा एक अर्धचंद्र. हा अर्धचंद्र लक्षात ठेवा.

मी चिऊला घेऊन राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. (पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवायचं असतं, हे तिथे गेल्यावर कळलं. आम्ही वर्षभर उशिरा.) तिथे खरी माहिती मिळाली, जी त्या खोक्यावर कुठेच नव्हती. दुधाचे एकूण दात वीस. त्यातल्या शेवटच्या चार दाढा साधारण २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून पोरं सापडेल ते चावतात. थरथरणारा ब्रश मिळाला तर विचारायलाच नको.

म्हणजे बघा. ‘वय २ ते ५’ असं छापून कंपनी ब्रश विकते नेमका त्याच महिन्यांत, ज्या महिन्यांत गिऱ्हाईक चावणारच आहे. आणि वॉरंटीत चावणं बसत नाही. छत्री विकायची आणि भिजली तर जबाबदार नाही म्हणायचं, तशातला प्रकार.

डॉक्टरांनी ब्रशकडे एकदा बघितलं आणि बाजूला ठेवला. म्हणाले, दिवा आणि गाणं पोराला बेसिनपर्यंत आणतं, दात मात्र मोठ्यांच्या हातानेच घासले जातात. सात-आठ वर्षांची होईपर्यंत शेवटचा हात आई-बापाचा. मग करून दाखवलं: समोर उभं राहून झटापट करायची नाही. आपण खाली बसायचं, पोराचं डोकं आपल्या मांडीत, तोंड वर. एका बोटाने वरचा ओठ उचलायचा. चिऊच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ होती. किडीची पहिली खूण ती. अजून खड्डा नव्हता, इथून सावरता येतं म्हणाले. रात्री बाटलीने दूध पिता पिता झोपवायचं बंद. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम आहे का ते वाचायचं, आणि तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यायची, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत पेस्टची लाट ब्रशभर पसरलेली दाखवतात तशी नाही. आमच्या घरची स्ट्रॉबेरीवाली ट्यूब मी आल्यावर वाचली. त्यात फ्लोराइडच नव्हतं. चार महिने आम्ही पोरीला जॅम लावत होतो म्हणायचं.

बाय द वे, गल्लीतल्या एका आजींचं बघून चिऊ मध्यंतरी बोटाने हिरड्या चोळायला लागली होती. त्या मिश्री लावतात. ती म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यांची डबी आता फळीवर गेलीय. तुमच्या आजूबाजूला असेल तर आधी ती उचलायला सांगा, ब्रशचं नंतर.

तर मांडीची पद्धत सुरू झाली. आधी दोन मिनिटं तिचं गाणं, मग चाळीस सेकंद माझा हात. बरं चाललं होतं, म्हणून मीही तक्रार केली नाही, हेड मागवत राहिलो. दोन हेडचा पॅक ४४९ रुपये. एक हेड तीन आठवडे टिकायचं. आणि ते दुसऱ्या कुठल्या दांड्याला बसत नाही, दुसऱ्याचं याला बसत नाही. मानेचा चौकोन मुद्दाम अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे ठेवलेला. मी कॅलिपरने मोजलाय.

पाचव्या महिन्यात एका रात्री अडीच वाजता बाथरूममधून शाबासकीची ट्यून ऐकू आली. बायकोने मला ढोसलं, “उठा, कोण दात घासतंय बघा.” जाऊन बघतो तर अस्वल एकटंच कपात उभं राहून गातंय, दिवा लुकलुकतोय, आणि दाबलं तरी बंद होत नाही. टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. तिथेही गायला. सकाळी गप्प झाला तो कायमचाच.

यानंतर तीन आठवडे कस्टमर केअर. व्हिडिओ पाठवा. बिल पाठवा. खोक्याचा फोटो पाठवा. हेड काढून मानेचा फोटो पाठवा. तो अर्धचंद्र तिथे दिसला, आणि त्यांची सुटका झाली. मी लिहिलं, की मग खोक्यावर ‘दात नसलेल्यांसाठी’ असं छापा. त्यावर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ आणि पुढच्या खरेदीवर २० टक्क्यांचं कूपन. रागाने मी त्या रात्री हिशेब केला. ब्रश १,२९९, हेडचे तीन पॅक १,३४७, एकूण २,६४६. लक्ष्मीपुरीत लहान मुलांचा साधा मऊ ब्रश ३० रुपयांना मिळतो. म्हणजे अठ्ठ्याऐंशी ब्रश झाले असते. पोरीला दात वीस. दाताला चार ब्रश देऊन वर आठ उरतात.

मी तो तीस रुपयांचा आणला, आणि उद्या सकाळी पुन्हा कान टोचणी, अशी मनाची तयारी केली.

इथून पुढचं माझं मत बदललंय, म्हणून थोडं सविस्तर.

आप्पांची कवळी आहे, वरची आणि खालची पूर्ण. गाण्यामुळे इतके दिवस चिऊचं तिकडे लक्ष नव्हतं. ब्रश मुका झाल्यावर तिने पहिल्यांदा आप्पांना बेसिनवर कवळी काढताना बघितलं. ती हललीच नाही. मग स्वतःचे पुढचे दोन दात चिमटीत धरून ओढले. “माझं का निघंनात?”

आप्पा म्हणाले, “घासत न्हाईत त्येंचं असं हातात येत्यात.”

मी डोळ्यांनी खुणावत होतो, पोरीला भीती घालू नका. भीती कसली! तिला तर तेच पाहिजे होतं. पुढचे दोन दिवस तिने ब्रशला हात लावला नाही, दात हातात यावेत म्हणून. मी आप्पांशी बोलणं सोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःच निस्तरलं. पायरीवर बसले, कवळी वाटीत घेतली आणि कवळीचा ब्रश तिच्या हातात दिला. “माझं तू घास, तुझं मी घासतो.” तिने जीभ बाहेर काढून, मन लावून, एकेक दाढ घासली. मी माझ्या आयुष्यात तिला इतका वेळ एका जागी बघितलं नव्हतं. मग न सांगता आप्पांच्या मांडीत आडवी झाली. आप्पा बोळक्या तोंडाने मोजत गेले, एका दाताला एक आकडा आणि तीन हात. एकोणीसपर्यंत आले आणि थांबले. खाली डावीकडची शेवटची दाढ अजून बाहेर आली नव्हती. “विसावा पावणा वाटंत हाय,” आप्पा म्हणाले.

आता रोज रात्री आधी पावणा आला का ते बघायचं असतं. त्यासाठी तोंड मोठं उघडावं लागतं, आणि उघडलं की मागचं सगळं घासून होतं. १,२९९ रुपयांत हे कुठे मिळत नव्हतं. सकाळी मात्र अजून रडारड असते, खोटं कशाला बोलू. आणि आप्पा दोन दिवस गावाला गेले की आमच्या मोजणीत राम नसतो, ती आठव्या दातालाच तोंड मिटते.

राहिला ब्रश. तीन हजाराच्या घरातली वस्तू कचऱ्यात टाकायला माझा हात धजेना. उद्यमनगरात माझा मित्र लेथवर काम करतो, त्याच्याकडे नेला. त्याने बूच काढून आतलं बाहेर ओढलं: मोबाइलच्या व्हायब्रेटरसारखी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेला तुकडा, पेन्सिलच्या जाडीची बॅटरी, आणि एक चिमुकला स्पीकर, ज्यात गंज. पाणी त्या अर्धचंद्रातूनच गेलं होतं. एवढं आयपीएक्स ७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायचं, आणि सगळी भिस्त एका रबराच्या कड्यावर. मित्राने डब्यातून एक ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, काढून बसवली, सर्किट पुसून वाळवलं. पैसे घेतले नाहीत, चहा आणि कट वडा खाल्ला. ब्रश थरथरतो, दिवा लागतो, गाणं मात्र गेलं. माझ्या मते हीच त्याची सगळ्यात चांगली आवृत्ती आहे. कंपनीने स्पीकर काढून त्या पैशात कडं जाड केलं असतं तर हा रिव्ह्यू लिहावा लागला नसता.

घरी आणल्यावर चिऊने तो कानाला लावला, हलवला, आणि आप्पांकडे नेऊन दिला. “तुमाला घ्या.”

म्हणून ताऱ्यांचं असं: ब्रशला दोन, हेडच्या किमतीला शून्य, कस्टमर केअरला त्याखाली काही असेल तर ते. एक नवं हेड शिल्लक होतं, ते लावून आप्पा आता रात्री कवळी घासतात. पेस्ट नाही, तिने कवळीवर ओरखडे पडतात. साधा साबण. खाचांमधलं चांगलं निघतं म्हणतात. वॉरंटीचे अजून पाच महिने आहेत, आणि हेडवर चावल्याची एकही खूण नाही.