कमरेला बांधायचं लाइफ जॅकेट: सहा महिने वापरल्यावर

एका इंजिनाच्या छोट्या विमानातून पाण्यावरून जायचं, तर लाइफ जॅकेट सीटमागच्या खिशात असून उपयोग नाही, ते अंगावरच हवं. इंजिन बंद पडलं तर ३,००० फुटांवरून पाण्यापर्यंत यायला जेमतेम चार मिनिटं लागतात. तेवढ्यात वेग सांभाळायचा, इंजिन पुन्हा सुरू होतंय का बघायचं, मेडे (रेडिओवरून संकटाचा संदेश) द्यायचा, टेकण्याआधी दार किलकिलं करून मध्ये काहीतरी अडकवायचं. घडी उलगडून जॅकेट चढवायला वेळच नसतो. त्यामुळे पाउचवालं, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावरच्या छोट्या पिशवीत घडी करून ठेवलेलं जॅकेट घेणंच बरोबर, हे मत सहा महिन्यांनंतरही कायम आहे.

त्याची सगळ्यात मोठी अडचण बक्कलची. पाउच पोटावर मधोमध राहिला की सीटबेल्टचं बक्कल त्याच्याखाली दडतं. चाकं न मिटणारी विमानं पाण्याला टेकताना पुष्कळदा पालथी होतात. उलटं लटकून, पाण्यात डोळे मिटून चाचपडताना हाताला पाउचचंच बक्कल लागतं. म्हणून पाउच दाराच्या विरुद्ध बाजूला, कमरेच्या कडेला सरकवायचा. मग एक हात दाराच्या चौकटीवर घट्ट ठेवून दुसऱ्या हाताने, न बघता, सीटबेल्ट सोडायचा सराव करायचा. चौकटीवरचा हात शेवटपर्यंत सोडायचा नाही. बाहेरची दिशा तेवढ्यावरच कळते.

जॅकेट आपोआप फुगत नाही, दोरी ओढावी लागते. हा दोष नाही, हेच हवं. पाणी लागताच फुगणारी बोटीवरची जॅकेटं विमानात जीवघेणी ठरतात, कारण फुगलेला माणूस छताला चिकटतो आणि दारापर्यंत बुडी मारू शकत नाही. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोमोरोसजवळ समुद्रात पडलं, तेव्हा कित्येकांनी आतच जॅकेट फुगवली आणि ते आत अडकले. सोबतच्या प्रत्येकाला हे उड्डाणाआधीच बजावून सांगा: आधी बाहेर, मग दोरी.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळू नका. दोरी ओढल्यावर जॅकेट फुगवणारा ३३ ग्रॅम वायूचा सिलिंडर दर महिन्याला हाताने घट्ट पिळून बघा, कारण कंपनाने आटे सैल होतात आणि सैल सिलिंडरला सुई नीट भोसकत नाही. अधूनमधून तो काढून काट्यावर ठेवा. त्यावर कोरलेल्या किमान वजनापेक्षा कमी भरला तर बदला. वर्षातून एकदा नळीने तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचं. सकाळी मऊ लागलं तर गळती आहे. भरलेल्या जॅकेटवर दोरी मात्र ओढू नका, शिवण फाटते.

शिट्टी आणि पाण्याने पेटणारा दिवा यात आहे, बीकनसाठी (संकटात आपली जागा कळवणाऱ्या रेडिओ यंत्रासाठी) खिसा नाही, आणि ही उणीव खटकते. विमानातला बीकन विमानाबरोबर बुडतो. ४०६ मेगाहर्ट्‌झचा छोटा बीकन दोरीने जॅकेटच्या पट्ट्याला बांधावा लागतो, तोही आखूड दोरीने, नाहीतर बाहेर पडताना तो सीटच्या दांड्यात अडकतो. हेडसेटची वायरही अशीच गळ्याभोवती गुंतते. टेकण्याआधी हेडसेट काढून मागे टाकून द्यावा.