उडुपी हॉटेलचं मेनूकार्ड: कुठे बोट ठेवावं, कुठे पान उलटावं

मुंबई-पुण्यात रोज बाहेर जेवणाऱ्याला जपून खायचं असेल, तर नाक्यावरचं उडुपी हॉटेल आजही सगळ्यात भरवशाचं. फक्त एक ओळखता यायला हवं. जे ऑर्डर गेल्यावर बनतं त्यात बदल करून मिळतो. जे सकाळीच पातेल्यात तयार होऊन बसलंय, त्यात वेटरने कितीही मान डोलावली तरी काही बदलत नाही.

इडलीबद्दल वाद नाही. आंबवलेली, वाफवलेली, तेल जवळपास नाहीच. उणीव प्रथिनांची आहे, कारण पीठात उडदाच्या डाळीपेक्षा तांदूळ बराच जास्त आणि हॉटेलचं सांबार पातळ. सोबत वाटीभर साधं दही घ्या. ‘इडली-वडा’ ही जोडी मात्र फसवी. मेदूवड्याचं पीठ सैल झालं किंवा गर्दीच्या वेळी कढईत एकदम जास्त वडे पडून तेल थंडावलं, की वडा तेल पितो. कागदी नॅपकिनवर क्षणभर दाबून बघा. कागद आरपार दिसायला लागला तर दुसरा वडा राहू द्या.

डोशांमध्ये लोक हमखास चुकतात ते रवा डोशाला. दिसतो पातळ, म्हणून हलका वाटतो. पण त्याचं पीठ ताकासारखं पातळ असतं, ते तापल्या तव्यावर शिंपडून जाळी पाडतात आणि ती जाळी कुरकुरीत व्हायला भोकाभोकांत तेल सोडावं लागतं. त्यापेक्षा साधा डोसा बरा, कांदा-टोमॅटो उत्तप्पा त्याहून बरा. १५ मिलीच्या मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी आणि बटरच्या १० ग्रॅमच्या वडीत ७० च्या वर, म्हणजे डोशाचा हिशोब पिठापेक्षा वरून काय सोडलं त्यावर ठरतो. ‘कमी तेल’ असं मोघम सांगून उपयोग नाही, बाटली फिरवायचा हात सवयीने फिरतोच. ‘बटर नको, तेल फक्त कडेने’ असं सांगा आणि ते केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहायला लावा. तोंडी निरोप भटारखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. बिनतेलाचा डोसा थोडा कोरडा आणि मऊ येतो, ती तक्रार मग करू नये. मसाला डोशातली भाजी वेगळ्या वाटीत मागितली तर अर्धी ठेवता येते.

पंजाबीचं पान आलं की सावध व्हा. लाल, पिवळी, पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच तेलात परतून ठेवलेल्या असतात; व्हेज कोल्हापुरी काय आणि पनीर मसाला काय, पाया तोच. इथे ‘कमी तेल’ म्हणजे फार तर वरचं क्रीम वाचेल. त्यातल्या त्यात डाळ मागवा, तडका अर्धा सांगा (तो आयत्या वेळी पडतो, म्हणून ऐकलं जातं), सोबत बिनबटरची तंदुरी रोटी आणि भाजका पापड. भाजी आलीच तर वाटी थोडी कलती करून तवंग एका बाजूला येऊ द्या, मग चमच्याने घट्ट भाग वाढून घ्या. मिठाचं काही करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे, आणि ग्रेव्ही, लोणचं, पापड, मसाला ताक एका बैठकीत आलं की त्यातला मोठा वाटा संपतो. लोणचं आणि मसाला ताक सोडणं आपल्या हातात आहे.

नाश्त्याच्या पानाला पाचपैकी साडेचार, पंजाबीला दोन. चायनीजबद्दल न बोललेलंच बरं: मंचुरियन आधी तळायचं, मग सोया सॉसच्या खारट रश्शात बुडवायचं.

मेनूवर कॅलरी छापायचा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम केंद्रीय परवानाधारकांना आणि दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना आहे. नाक्यावरचं एकटं हॉटेल त्यात बसत नाही, तेव्हा आकडे तिथे शोधू नका.

पेयांत फ्रेश लाइम सोडा ‘सॉल्ट’ सांगा, ‘स्वीट’मध्ये साखरेचा पाक पडतो. ज्यूस सांगताना ‘साखर नको’ आधीच म्हणा. मिक्सर फिरल्यावर उशीर होतो. फिल्टर कॉफीला साखर वेगळी मागा. आणि बिलासोबतच्या वाटीत बडीशेपेपेक्षा खडीसाखर जास्त दिसली, तर चमचा बेताने बुडवा.