जुन्या गाडीचा चेक इंजिन दिवा आणि स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेली जुनी गाडी गॅरेजमध्ये नेली, की स्कॅनर लावण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि गाडीवाल्याच्या हाती बहुधा ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल’ एवढे एकच वाक्य पडते. ईएलएम ३२७ या नावाने काही शे रुपयांत मिळणारा, काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर मी माझ्या २०१४ च्या पेट्रोल वॅगन-आरवर बऱ्याच दिवसांपासून वापरत आहे. माझे मत अनुकूल आहे, मात्र लोक ज्यासाठी तो घेतात, त्यासाठी नव्हे.

स्टीअरिंगच्या खाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसवायचा, चावी फिरवायची आणि मोबाइलवर टॉर्कसारखे अॅप उघडायचे, एवढीच जोडणी आहे. कोड लगेच दिसतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. इंजिनच्या कॉम्प्युटरला कोणत्या भागात गडबड जाणवली, एवढेच तो सांगतो. ‘पी०१३५’ आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे. तो दोष सेन्सरमध्ये असेल, फ्यूजमध्ये असेल किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्येही असेल. ज्या मिस्त्रीला हे पाहायचे नसते, तो थेट सेन्सरची किंमत सांगतो.

तुळजापूरच्या घाटात माझी गाडी मिसिंग मारू (झटके देत अडखळू) लागली आणि दिवा लुकलुकू लागला. स्थिर दिवा असेल तर बेताने गाडी चालवत घरी जाता येते. लुकलुकणारा दिवा मात्र न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जात असल्याची खूण असते आणि तो कन्व्हर्टर जळाला तर खर्च कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) कितीतरी पट होतो. गाडी कडेला घेऊन स्कॅनर लावला तेव्हा ‘पी०३०२’, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे मिसफायर (त्यात पेट्रोल नीट न पेटणे), असा कोड मिळाला. सोलापुरातल्या एका गॅरेजने तिन्ही कॉइल आणि प्लग बदलण्याचा सल्ला दिला. मी इंजिन थंड झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची फक्त अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी विजापूर रोडवर फिरवून आणली. या वेळी कोड ‘पी०३०३’ आला. दोष कॉइलबरोबर सरकला होता, त्यामुळे बदलायची ती एकच कॉइल होती, हे सिद्ध करायला दुसरा पुरावा लागला नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. कोड पुसला की बिघाडाच्या क्षणी नोंदलेले इंजिनचे आकडेही जातात, म्हणून पुसण्यापूर्वी स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा. नुसता दिवा घालवून ‘काम झाले’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

या यंत्राची खरी किंमत चालू इंजिनच्या आकड्यांत आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि ज्या गाड्यांना तापमानाचा काटाच नाही, त्यांच्या चालकांना कूलंट किती तापले आहे, हे लाल दिवा लागेपर्यंत कळत नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला उभे असताना नव्वदच्या आसपासचा आकडा वर चढत राहिला आणि पंखा सुरू झाला नाही, तर एसी बंद करण्याइतका वेळ हाती असतो. चालू इंजिनवर व्होल्टेज साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासावा.

उणिवाही आहेत. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे दिवे अशा साध्या स्कॅनरला सहसा वाचता येत नाहीत. ऑइलचा लाल दिवा लागला, तर स्कॅनर शोधत बसू नये. इंजिन तत्काळ बंद करावे. सॉकेटला बॅटरीचा करंट सतत मिळत असल्यामुळे, गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर यंत्र काढून ठेवावे. आपल्याकडे ओबीडीचा (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याच्या यंत्रणेचा) दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यामुळे त्यापूर्वीच्या गाडीत मिसफायरचे कोड मिळतीलच, अशी खात्री धरू नये. शिवाय बाजारात नकला फार आहेत आणि त्यांतल्या काही जुन्या गाड्यांच्या प्रोटोकॉलवर (स्कॅनरशी माहिती देवाणघेवाणीच्या पद्धतीवर) जोडल्याच जात नाहीत. ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानदाराला सांगून, आपल्याच गाडीत तो लावून, आरपीएमचा (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) आकडा हलतो की नाही हे पाहूनच पैसे द्यावेत. आयफोन वापरणाऱ्यांनी साध्या ब्लूटूथऐवजी वायफायचे मॉडेल मागावे.