कनेक्टेड की स्वयंचलित? नागपुरात राहून वाहतूक संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

प्रवेशाचे दिवस संपत आले की स्थापत्य, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या तिन्ही शाखांतील काही विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन भेटायला येतात. एम.टेक.च्या प्रबंधासाठी किंवा पीएच.डी.साठी नव्या वाहतूक तंत्रज्ञानात काम करायचे आहे, तर ते स्वतः चालणाऱ्या गाड्यांवर करावे की एकमेकींशी आणि रस्त्याशी संवाद साधणाऱ्या गाड्यांवर? ही दोन्ही नावे बहुधा एका दमात घेतली जातात, त्यामुळे ती एकाच कामाची दोन अंगे असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्हींचे गणित वेगळे, सामग्री वेगळी, परवानग्या वेगळ्या. आणि नागपुरात बसून त्यांपैकी कितीसे करता येईल, याचे उत्तर तर फारच वेगळे आहे. या आढाव्यात भर त्या शेवटच्या मुद्द्यावर आहे.

स्वयंचलित गाडी स्वतःच्या डोळ्यांवर विसंबते. कॅमेरा, रडार आणि लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे यंत्र) यांच्या आधारे ती भोवतालचे चित्र उभे करते आणि त्यावरून निर्णय घेते. यंत्र किती काम सांभाळते यावरून एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०१६ या मानकाने ० ते ५ अशा सहा पातळ्या ठरवल्या आहेत. आपल्याकडे शोरूममध्ये ज्याला ‘अडास’ (चालकाला मदत करणारी यंत्रणा) म्हणतात ते साधारण पहिल्या-दुसऱ्या पातळीचे असते, म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक काही काळ यंत्राकडे असले तरी लक्ष ठेवण्याची जबाबदारी चालकाचीच राहते. कनेक्टेड गाडीचे काम ऐकण्या-सांगण्याचे आहे. आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक लागला आहे की नाही, एवढा छोटा संदेश ती ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रसारित करते आणि इतरांचे संदेश ऐकते. वळणापलीकडे किंवा ट्रकच्या आड जे कॅमेऱ्याला दिसूच शकत नाही, ते तिला कळते. मात्र समोरच्या वाहनात यंत्र नसेल, तर तिच्या लेखी ते वाहन अस्तित्वातच नाही. दोन्ही शाखांची ताकद आणि दुबळेपणा या फरकातून येतो.

आधी स्वयंचलित बाजू पाहू, कारण विद्यार्थ्यांची ओढ तिकडेच अधिक असते. या क्षेत्राचे बरेचसे प्रशिक्षण परदेशी रस्त्यांच्या चित्रांवर झाले आहे. २०१२ चा ‘किट्टी’ हा चित्रसंच जर्मनीतील कार्ल्सरूहचा, तर २०१६ चा ‘सिटीस्केप्स’ प्रामुख्याने जर्मन शहरांचा. तेथे रस्ता कोठे संपतो आणि पदपथ कोठे सुरू होतो, याविषयी वाद नसतो. ट्रिपल आयटी हैदराबादने इंटेलच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘इंडियन ड्रायव्हिंग डेटासेट’ प्रसिद्ध केला, तेव्हा हैदराबाद-बंगळुरू परिसरातील सुमारे दहा हजार चित्रांना ३४ वर्गांची लेबले द्यावी लागली. त्यांत ऑटो आणि जनावरे आहेतच, शिवाय ‘रस्ता नाही, पण गाडी जाऊ शकेल अशी कडेची जागा’ असाही एक वर्ग आहे. आपल्या रस्त्यांचे इतके प्रामाणिक वर्णन मी अन्य कोणत्याही तांत्रिक दस्तऐवजात पाहिलेले नाही.

हा वर्गीकरणाचा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. नंतरच्या अधिकृत तपासात दिसून आले, की यंत्राने तिला काही सेकंद आधी टिपले होते. पण तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरवले आणि प्रत्येक वेळी वर्ग बदलताना तिच्या हालचालीचा मागील हिशेब सोडून दिला. आता हीच अडचण नागपुरातील इतवारीच्या बाजारात नेऊन पाहा. हातगाडी ढकलणारा माणूस, दुचाकीवर मागे बसून शिडी आडवी धरलेला कामगार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ता व्यापून निघणारी मारबत-बडग्यांची मिरवणूक, यांपैकी कशाला कोणता वर्ग द्यायचा? ज्याला संगणकीय दृष्टीत मनापासून रस आहे, त्याला या शहरात आयुष्यभर पुरेल इतके काम आहे, यात शंका नाही.

अडचण पुढच्या टप्प्यावर येते. चित्रे ओळखणारे प्रारूप नागपुरात तयार करता येते, कार्लासारख्या मुक्त सिम्युलेटरवर ते चालवून पाहता येते. पण गाडी चालवून पाहायची म्हटली की बंदिस्त चाचणी क्षेत्र लागते. मिशिगन विद्यापीठाने त्यासाठी २०१५ मध्ये ३२ एकरांवर एमसिटी उभारली. आपल्याकडे आयआयटी हैदराबादच्या आवारात तिहान हे केंद्र आहे, जेथील चाचणी क्षेत्राचे उद्घाटन जुलै २०२२ मध्ये झाले, आणि इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणी मार्ग असलेले नॅट्रॅक्स आहे. दोन्हींपैकी एकही नागपूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर नाही. कायद्याचे म्हणाल तर दार पूर्ण बंद नाही: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम २ब संशोधन व नवोपक्रमासाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. तथापि, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री आणि नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, अशी भूमिका वारंवार जाहीरपणे मांडली आहे. चालकविरहित गाडी हेच ज्याच्या प्रबंधाचे अंतिम ध्येय आहे, त्याने हे वाक्य प्रस्तावनेतच विचारात घ्यावे.

कनेक्टेड बाजूवर चाचणी क्षेत्राची अडचण नाही, पण एक कठोर गणित आहे. संदेश उपयोगी पडायला दोन्ही वाहनांत यंत्र हवे. शंभरांतील दहा वाहनांत ते असेल, तर धडकेच्या मार्गावरील दोन्ही वाहने सुसज्ज असण्याची शक्यता केवळ एक टक्का; तीस वाहनांत असेल, तरी नऊ टक्के. शिवाय २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि सुमारे १९ टक्के पादचारी होते. या मंडळींच्या खिशात वा हँडलवर असे यंत्र उद्या येणार नाही. त्यामुळे २०१२-१३ मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे जवळजवळ तीन हजार वाहनांवर जो मोठा प्रयोग झाला, तो जसाच्या तसा सीताबर्डीत मांडता येत नाही.

मला येथे दोन वाटा दिसतात, आणि दोन्ही नागपुरातून जातात.

पहिली वाट चौकांची. व्हरायटी चौकात संध्याकाळी लाल दिवा लागल्यावर पाच मिनिटे नीट उभे राहून पाहावे. चारचाकी थांबतात, त्यांच्या फटींतून दुचाकी पुढे झिरपतात, थांबरेषा ओलांडून झेब्रा क्रॉसिंगवर त्यांची आडवी फळी तयार होते, एखादा ऑटो डावीकडे सवारीसाठी तिरका उभा राहतो आणि दिवा हिरवा होण्याआधीच पहिली फळी सुटलेली असते. ब्रिटिश वाहतूक संशोधक वेबस्टरने १९५८ मध्ये मांडलेले सिग्नलच्या वेळेचे सूत्र रांगेत उभ्या मोटारींसाठी होते. ही रांग नव्हे. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘कोसिकॉस्ट’ ही भारतीय रहदारीसाठीची सिग्नल-नियंत्रण पद्धती याच अडचणीतून जन्मली. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्या वतीने चौकातील कॅमेऱ्याने बोलावे, म्हणजे दुचाकी व पादचाऱ्यांची जागा ओळखून तिचा संदेश बस किंवा रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचवावा, हा विषय संशोधनाच्या दृष्टीने मला फार समृद्ध वाटतो. यंत्र असलेल्या वाहनांची संख्या वाढण्याची वाट त्यात पाहावी लागत नाही, आणि स्मार्ट सिटी प्रकल्पातून शहरातील चौकांवर कॅमेरे आधीच आलेले आहेत.

दुसरी वाट समृद्धी महामार्गाची. हिंगण्याजवळ शिवमडक्याला सुरू होणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता संपूर्ण प्रवेश-नियंत्रित आहे आणि त्यावर दुचाकी नाहीत. वर सांगितलेले गणित इथे बरेच सौम्य होते, कारण वाहने कमी प्रकारची आहेत आणि प्रत्येक जण ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर होतो. अमेरिकेत वायोमिंग राज्याने आय-८० या सुमारे ६५० किलोमीटरच्या महामार्गावर नेमका असाच पथदर्शी प्रकल्प केला. तेथे धोका हिमवादळाचा आणि वाऱ्याचा होता, संदेश मुख्यतः ट्रकचालकांसाठी होते. आपल्याकडे धोका वेगळा आहे: सरळ, एकसुरी रस्त्यावर येणारी गुंगी, उन्हाळ्यात फुटणारे टायर आणि रात्री मार्गिकेत बंद पडलेला ट्रक. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, आणि चालकाचा प्रतिसादकाळ अडीच सेकंद धरला तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ८३ मीटर संपतात. तीनशे मीटरवरून संदेश मिळाला, तर चालकाच्या हाती नऊ सेकंद असतात. या नऊ सेकंदांत काय सांगावे, आवाजात सांगावे की पडद्यावर, मराठीत की हिंदीत, यावर प्रबंध होऊ शकतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, संदेश पाठवणारे उपकरण ठेवलेला खांबावरचा पत्र्याचा डबा आतून किती तापतो आणि त्यातील उपकरण तग धरते का, यावरही होऊ शकतो. हे प्रश्न वायोमिंगने सोडवलेले नाहीत.

आता दोन्हींच्या मधला एक प्रकार, जो नागपूरनेच देशाला दाखवला आहे. २०२१ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘आय-रस्ते’ प्रकल्पात सीआरआरआय ही केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, इंटेल, ट्रिपल आयटी हैदराबादमधील आयएनएआय हे कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्र, महिंद्रा आणि नागपूर महापालिका एकत्र आले आणि महापालिकेच्या बसगाड्यांवर चालकाला इशारा देणारी उपकरणे बसवली गेली. इशारा देणे हे स्वयंचलनाच्या सर्वांत खालच्या पायरीचे काम. पण त्या प्रत्येक इशाऱ्याचे ठिकाण नोंदवून ते शहराच्या नकाशावर मांडणे, हे कनेक्टेड व्यवस्थेचे काम. जेथे माणसे दगावली तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. जेथे अजून कोणी दगावलेले नाही पण बसचा इशारा रोज वाजतो, ती जागा ‘ग्रे स्पॉट’ म्हणून आधीच हाती येते. मृत्यूची वाट न पाहता चौक दुरुस्त करता यावा, या कल्पनेचे मला अतिशय मोल वाटते.

तिची कच्ची बाजूही सांगतो. एका खासगी वाहतूकदाराच्या बसमध्ये, चालकामागच्या आसनावर बसून, मी असेच एक उपकरण पाहिले होते. त्याच्या स्पीकरवर रुमाल दुमडून रबराने घट्ट बांधलेला होता. कारण विचारले तेव्हा चालकदादा म्हणाले, “साहेब, बाजारातून जाताना हे सारखं ओरडते. खरा धोका कोणता, तेच मग कळत नाही.” समोरची दुचाकी हातभर अंतरावर असणे हे त्यांच्यासाठी रोजचेच होते, यंत्रासाठी मात्र तो धोका होता. इशाऱ्याची मर्यादा गर्दीच्या स्वरूपानुसार कशी बदलावी, हा प्रश्न त्या रुमालाने माझ्यासमोर ठेवला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

साधनांचा खर्च पाहता कनेक्टेड बाजू स्वस्त आहे. जर्मन अवकाश संस्थेने विकसित केलेला ‘सुमो’ हा सिम्युलेटर मोफत असून मार्गिका न पाळणाऱ्या रहदारीसाठी त्यात उपमार्गिकांची सोय आहे. मात्र स्थाननिश्चितीबाबत सावध राहावे: साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते आणि मार्गिका जेमतेम साडेतीन-पावणेचार मीटर रुंद असते, त्यामुळे मार्गिका ओळखण्याचा दावा करण्यापूर्वी अधिक अचूक उपकरण उसने का होईना मिळवावे. स्वयंचलित बाजूवर संगणकीय क्षमता आणि लेबल लावण्याचे माणसांचे तास हाच मोठा खर्च आहे. नोकरीच्या दृष्टीने मात्र त्या बाजूचे पारडे जड आहे. पुणे, बंगळुरू आणि हैदराबाद येथील वाहन व सॉफ्टवेअर कंपन्यांना प्रतिमा-आकलनाचे कौशल्य थेट उपयोगी पडते, तर कनेक्टेड व्यवस्थेतील कामे बहुधा सरकारी निविदा आणि सल्लागार संस्थांमार्फत येतात व ती सावकाश येतात.

माझे मत स्पष्ट आहे. संगणक शाखेचा विद्यार्थी असाल आणि गाडीला पाहायला शिकवणे हीच ओढ असेल, तर नागपुरात दोन वर्षे केवळ सिम्युलेटरवर घालवू नका. तिहानसारख्या केंद्रात सहमार्गदर्शक मिळवून तेथे किमान एक सत्र काढण्याची व्यवस्था आधी करा, नाहीतर विषय बदला. स्थापत्य किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे असाल आणि नागपुरातच राहायचे असेल, तर निःसंकोच कनेक्टेड बाजू निवडा, आणि तिच्यातही नव्या उपकरणांपेक्षा इशारा, चौक आणि समृद्धी या तीन विषयांपैकी एक घ्या. पीएच.डी. करणाऱ्यांना ग्रे स्पॉटचा विषय सर्वांत योग्य वाटतो. एखाद्या जागी दुरुस्ती झाल्यानंतर इशारे खरोखर घटतात का, हे दाखवायला वर्ष-दोन वर्षांची आधीची आणि तितकीच नंतरची नोंद लागते, आणि तेवढा वेळ एम.टेक.मध्ये मिळत नाही.

विषय ठरताच परवानगीच्या अर्जाला लागावे. चौकांतील चित्रीकरण महापालिका आणि पोलीस यांच्याकडून मिळवावे लागते, समृद्धीसाठी रस्ते विकास महामंडळाकडे जावे लागते, आणि चेहरे व नंबरप्लेट अस्पष्ट करण्याची पद्धत अर्जातच लिहिलेली असली की, २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर, पहिल्याच टेबलावर उपस्थित होणाऱ्या शंकेचे उत्तर तयार असते. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र पहिल्या सत्राच्या दिवाळीपूर्वी गेलेले असेल, तर उन्हाळ्याच्या सुटीत मोजणी सुरू करता येते.