प्रश्न आधी भावाला विचारणारी संस्था

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेचा अनुभव लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. चाळिशी ओलांडली त्याने, आणि आईवडील गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. संस्थेचं नाव देत नाही, कारण नावावरून भाऊ ओळखला जाईल. काय लिहिलेलं चालेल हे मी त्याला आधी विचारलं. बँक, कान आणि रेडिओ, एवढं लिही म्हणाला. बाकीचं घरातलं घरात.

पहिल्या भेटीत तिथल्या ताईंनी खुर्ची वळवली ती भावाकडे. ‘तुम्ही आज कशासाठी आलात?’ हा प्रश्न त्याला होता. तो उत्तराला वेळ घेतो. वाक्य मनात जुळवतो, एकदा ओठ हलवून बघतो, मग बोलतो. तेवढ्यात बहुतेक माणसं नजर माझ्याकडे वळवतात. ताईंनी वळवली नाही. बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाला, ‘बँकेत माझं खातं पाहिजे. माझा पगार माझ्या खात्यात.’ माझ्या मांडीवर अहवालांची जाडजूड फाइल होती, ती त्यांनी त्यानंतर मागितली.

बँकेचं म्हणणं असं होतं की याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून आणा, मग बघू. पालक नेमला की सही पालकाची, निर्णय पालकाचा. संस्थेने आम्हाला दुसरी वाट समजावली. निर्णय त्याचाच, फक्त तो घेताना त्याला विश्वासातल्या माणसांची मदत. ही माणसंही त्यानेच निवडायची. त्याने मला आणि कामावरच्या एका मित्राला निवडलं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं कलम १२ नेमकं हेच सांगतं: कायद्यासमोर सगळ्यांची क्षमता समान, आणि ती वापरायला आधार लागत असेल तर तो मिळायला हवा. आपले पैसे आपण सांभाळण्याचा हक्क त्यात स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. संस्थेने बँकेला दिलेल्या पत्रात तो परिच्छेद होता.

पत्राने लगेच काम झालं नाही. ताई भावाबरोबर बँकेत गेल्या. ‘यांना व्यवहार कळतात का?’ असं त्यांनाच विचारल्यावर ‘ते समोर बसलेत, त्यांना विचारा’ एवढंच म्हणाल्या. भावाने सांगितलं, ‘पैसे ठेवायचे. काढायचे. पिन कुणाला सांगायचा नाही. ताईला पण नाही.’ ताई म्हणजे मी. वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि खातं उघडलं, त्याच्या एकट्याच्या नावावर.

संस्था तिथे थांबली नाही, आणि माझ्या लेखी तिचं खरं मोल इथे आहे. अशीच अडवणूक झालेल्या बाकीच्या कुटुंबांच्या तक्रारी त्यांनी एकत्र केल्या आणि बँकेकडून सगळ्या शाखांसाठी लेखी सूचना काढून घेतली. एका घराला मदत करणं आणि नियमच बदलायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं करणाऱ्या संस्था मी पाहिल्या होत्या. दुसऱ्यासाठी चिकाटी लागते आणि त्याचे फोटोही निघत नाहीत.

आता कान. भाऊ हळूहळू गप्प झाला होता. हाक मारली तर वळायचा नाही, कामावरच्या सूचना विसरायचा, संध्याकाळी एकटाच बसायचा. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच सांगून टाकलं की डाउन सिंड्रोममध्ये या वयात असं होतंच, स्मृतिभ्रंश सुरू झाला असणार. ही भीती बिनबुडाची नाही. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि अशा व्यक्तींना अल्झायमर इतरांपेक्षा बराच लवकर होऊ शकतो. पण थायरॉइड मंदावणं, ऐकू कमी येणं, झोपेत श्वास अडकणं हेही त्यांच्यात खूप आढळतं आणि त्यावर उपाय असतात. संस्थेच्या आरोग्यसेविकेने आम्हाला एक यादी दिली: आधी ऐकणं, थायरॉइड, झोप, दृष्टी, दात, कुठे दुखतंय का, जवळचं कुणी गेलंय का. हे सगळं पाहून झाल्यावरच स्मृतिभ्रंशाचं नाव काढायचं. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता आणि एका कानाने खरोखरच कमी ऐकू येत होतं. कान साफ झाले, श्रवणयंत्र आलं आणि घरात पुन्हा वाद सुरू झाले, टीव्हीचा आवाज कुणी ठरवायचा यावरून. प्रत्येक लक्षण मूळ अक्षमतेच्या खात्यात टाकून मोकळं व्हायचं, या सवयीने किती माणसं नीट उपचारांवाचून राहत असतील या विचाराने मला अजूनही राग येतो.

त्याच वेळी त्यांनी त्याच्याबरोबर बसून एक छोटी वही केली. दवाखान्यात ती आधी दाखवायची. त्यात त्याचीच वाक्यं आहेत. ‘दुखलं तरी मी नाही म्हणतो. मी मान वाकडी करतो तेव्हा दुखतंय.’ ‘सुई दाखवून टोचा. अचानक नको.’ ‘माझ्याशी बोला.’

संस्थेचे कागद सोप्या वाचनाचे असतात. एका वाक्यात एकच गोष्ट, अक्षर मोठं, शेजारी चित्र. असे कागद बरेच जण काढतात, पण इथे ते छापायच्या आधी बौद्धिक अक्षमता असलेलेच लोक वाचून तपासतात. युरोपातल्या ‘इन्क्लूजन युरोप’ने सोप्या वाचनाचे जे निकष केले आहेत, त्यांतही ही अट आहे. भाऊ त्या तपासणी गटात आहे. तक्रार अर्जातला ‘उपरोक्त’ हा शब्द त्याने काढायला लावला.

रेडिओची गोष्ट संस्थेतल्या, आपले हक्क आपणच मांडणाऱ्यांच्या गटातली. जगभर अशा संस्थांची सुरुवात बहुतेक आईवडिलांनी केली. अमेरिकेतली ‘द आर्क’ १९५० साली पालकांनीच उभी केली. पालक मुलांच्या वतीने बोलायचे, आणि त्या काळी दुसरं कुणी बोलणारंही नव्हतं. मग १९७४ साली ऑरेगॉन राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांनी ‘पीपल फर्स्ट’ सुरू केली आणि आमचं आम्ही बोलू म्हणाले. इथला गट त्याच वळणाचा आहे. अध्यक्ष सदस्यांपैकी असतो आणि कर्मचारी बोलावलं तरच खोलीत येतात. स्वतःच्या पैशांनी तुम्हाला काय घ्यायचंय, यावर एकदा चर्चा झाली. भावाला रेडिओ हवा होता. घरात दोन रेडिओ आहेत. ताईंनी त्याच्यापुढे चित्रं मांडली: रेडिओ घेतला तर इतके पैसे उरतील, नाही घेतला तर इतके. त्याने बघितलं आणि रेडिओ घेतला. तिसरा रेडिओ मला आजही जास्तच वाटतो. पण तो त्याच्या पगाराचा आहे आणि त्याच्या खोलीत वाजतो.

उणिवा आहेत, आणि एक तर मोठी आहे. इथलं सगळं बोलू शकणाऱ्यांच्या बेताने चालतं. संस्थेत एका आईंची ओळख झाली. त्यांचा मुलगा अजिबात बोलत नाही, अस्वस्थ झाला की स्वतःला मारून घेतो. त्याला चित्रफलक किंवा आवाज देणारं यंत्र शिकवू शकेल असं माणूस संस्थेकडे जेमतेम एक, आणि रांग लांब. त्यांच्या घरची कसोटीची वेळ रात्रीची असते, मदतीचा फोन मात्र कार्यालयीन वेळेतच उचलतात. ज्यांना सर्वांत जास्त आधार लागतो ते रांगेत मागे राहत असतील, तर हक्कांची भाषा अर्धीच पोहोचली. मी हे लेखी कळवलं आहे. उत्तर सभ्य आलं, पण तारीख दिलेली नाही.

कार्यकारी मंडळावर बौद्धिक अक्षमता असलेल्या सदस्यांसाठी जागा आहेत, तिथेही कागदपत्रं जाडजूड आणि बैठकीच्या तोंडावर हातात पडतात. सोप्या वाचनाचा आग्रह इतरांकडे धरणाऱ्यांनी आपल्या घरात तो पाळायलाच हवा. कर्मचारी वरचेवर बदलतात हीसुद्धा अडचण आहे. नव्या माणसाशी जुळवून घ्यायला भावाला फार वेळ लागतो, आणि जाणारं माणूस त्याचा निरोप न घेताच जातं.

तरी जा असंच मी सांगेन. त्या व्यक्तीला बरोबर न्या. एकटे फाइल घेऊन गेलात तर पहिली भेट वाया जाईल. त्यांना काय हवंय ते त्यांना घरीच चित्रात किंवा शब्दांत मांडू द्या. बोलता न येणाऱ्या कुणासाठी जात असाल, तर संवाद शिकवणारं माणूस कधी मिळेल हे पहिल्याच दिवशी लेखी विचारा. भावंडांचाही एक गट आहे, त्याची वेळ फलकावर नसते. आत जाऊन विचारावी लागते.