क्वालिसचा गळका क्लच आणि उद्यमनगरातले मिस्त्री

आमची क्वालिस २००४ सालची. पुढच्याच वर्षी टोयोटानं क्वालिस बंद करून इनोव्हा आणली, म्हणजे आमची अगदी शेवटच्या खेपांतली. ह्यांनी घेतलेली. ते गेल्यावर विकून टाक म्हणणारे घरात बरेच होते, पण मी ठेवली. माझं माहेर वैभववाडी तालुक्यात. आई तिथं एकटी असते आणि महिन्यातून एकदा तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडे आणावं लागतं. एसटीच्या पायऱ्या आता तिला चढवत नाहीत. क्वालिसचं दार मोठं, मधली सीट तिच्या बेताच्या उंचीची, हात धरला की बसते. म्हणून २०२४ मध्ये परत पासिंगही करून घेतलं. ही गाडी नीट चालणं माझ्यासाठी किती गरजेचं आहे ते कळावं म्हणून एवढं सांगितलं.

गेल्या जूनमध्ये आईला आणायला निघाले होते. गगनबावड्याला चहा घेतला, परत गाडीत बसून क्लच दाबला तर पेडल खाली गेलं ते गेलंच, वर येईना. बुटाचं टोक खाली घालून उचलावं लागलं. चार-पाच वेळा भराभर पंप केल्यावर पहिला गिअर कर्र करत पडला. पुढं करूळचा घाट. बॉनेट उघडलं तर क्लचच्या ऑइलची छोटी डबी कोरडी. शेजारच्या दुकानात ब्रेक ऑइलची बाटली मिळाली, ती ओतली, आईला फोन करून उद्या येते म्हटलं आणि गाडी कोल्हापूरकडे वळवली. साळवणला एकदा आणि कळ्याला एकदा थांबून डबी भरली. उजव्या पायाखालची मॅट नुसती दमट, पण डाव्या पायाखालची चिकट ओली होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, त्याचा अर्थ मात्र कळला नव्हता.

घराजवळच्या एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, ‘क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, चौदा हजार धरून चला.’ मी मॅट दाखवली तर ‘ते पावसाचं पाणी असेल’ म्हणाला. पावसाचं पाणी बोटाला तेलासारखं लागत नाही. तिथून मी निघाले आणि समोरच्या रिक्षावाल्या काकांच्या सांगण्यावरून कोल्हापुरातल्याच उद्यमनगरात गेले.

गॅरेज गल्लीत आत आहे, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं. मिस्त्री साठीच्या पुढचे, हाताखाली दोन पोरं. मला त्यांचं सगळ्यात आवडलं ते हे, की पाना हातात घ्यायच्या आधी त्यांनी मलाच गाडीत बसवलं. हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. सोडला तर गाडी हिसका देऊन जागच्या जागी बंद. ‘ताई, प्लेट चांगली हाय. गेली असती तर इंजिन नुसतं फिरत राह्यलं असतं, बंद पडलं नसतं. गळतंय दुसरीकडंच.’ एवढ्या एका परीक्षेत माझे चौदा हजार वाचले.

मग त्यांनी जे समजावलं ते मी इथं मुद्दाम लिहिते, कारण जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. क्वालिसला क्लचची केबल नाही. पेडलच्या मागं वरचा सिलिंडर, म्हणजे मास्टर. गिअरबॉक्सला बाहेरून बसवलेला खालचा, म्हणजे स्लेव्ह. मध्ये पाइपातून ब्रेक ऑइल. पाय दाबला की वरचं ऑइल खालच्या दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला ढकलतो, क्लच सुटतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे होतात. कुठं ऑइल गळालं किंवा हवा शिरली की दाब फोर्कपर्यंत पोचतच नाही. हवा दबते, ऑइल दबत नाही. म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं, आधी रिव्हर्स आणि पहिला गिअर अडतात.

आणि मला आजवर कुणीच न सांगितलेली गोष्ट: ब्रेकच्या डबीतली पातळी पॅड झिजतील तशी थोडी थोडी उतरते, ते साहजिक आहे. क्लचचं उलट. प्लेट झिजली की खालचा दट्ट्या मागं सरकतो आणि ऑइल वर डबीत परत येतं. म्हणजे क्लचच्या डबीत ऑइल कमी होण्याचं कारण एकच, कुठंतरी गळतंय. मी वर्षभर सर्व्हिसिंगच्या वेळी ‘थोडं ऑइल टाकलं’ हे ऐकत आले होते. टाकणाऱ्यांपैकी एकानंही ते जातं कुठं हे पाहिलं नाही, याचा मला राग येतो.

गाडी उचलून त्यांनी स्लेव्हच्या तोंडावरचा रबरी बूट, म्हणजे टोपण, बोटानं मागं सारला, आतून काळं ऑइल ओघळलं. मग टॉर्च घेऊन पेडलपाशी आडवे झाले. मास्टरच्या रॉडशीही ओल होती आणि तिथूनच माझी मॅट भिजत होती. दोन्ही सिलिंडर गळत होते.

मी विचारलं, नुसतं रबरांचं किट टाकून भागणार नाही का? किट अडीचशेचं, अख्खा सिलिंडर हजाराच्या वर. नाही म्हणून मोकळे न होता त्यांनी स्लेव्ह खोलला, पुसला आणि माझ्या हातात दिला. आत बोट फिरवून बघा म्हणाले. एका बाजूला बारीक खड्डे नखाला लागत होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, वर्षानुवर्षं बदललं नाही की ते पाणी सिलिंडरला आतून गंज चढवतं. असल्या खरबरीत नळीत नवं रबर महिना-दोन महिन्यांत फाटणार. मास्टर खोलला तर तोही तसाच. दोन्ही नवे घ्यायचे ठरले. एकच बदलला असता तर दुसरा त्याच वयाचा, तो आज ना उद्या घाटातच दगा देणार.

पार्ट त्याच दिवशी मिळाले नाहीत. मास्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ऑइल डॉट थ्रीचं, टीव्हीएस गर्लिंगचा डबा माझ्यासमोर सील फोडून उघडला. उघडा पडलेला अर्धा डबा कपाटावर होता, तो वापरला नाही. मी विचारल्यावर म्हणाले, ‘उघडा ऱ्हायला की पाणी पितो.’

एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, काढायला पाऊण तास लागला. मी पेडलवर, मिस्त्री खाली, एक पोरगा डबीवर लक्ष ठेवून. स्लेव्हवर हवा सोडायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. ‘दाबा. धरा. धरून ठेवा. आता सोडा.’ निपल उघडायचं तेव्हा पेडल जमिनीला, ते बंद झाल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत. सुरुवातीला बुडबुडे संपेचनात. मग त्यांनी स्लेव्हचा रॉड हातानं हळूहळू आत दाबला आणि वर डबीतून दोन मोठे बुडबुडे फुटले. त्यानंतर पेडलला जीव आला. पायाखाली ते घट्ट होत जातं ना, तो क्षण मला फार आवडला. शेवटी मास्टरच्या रॉडचा नट फिरवून पेडलच्या टोकाशी सुमारे एक सेंटिमीटर ढिलाई ठेवली. ती शून्य केली तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि चांगली प्लेट जळते.

बिल ५,१५० रुपये. दोन्ही सिलिंडर, ऑइल, मजुरी ९००. जुने सिलिंडर पिशवीत घालून परत दिले.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत, त्यामुळे पार्ट आला का हे विचारायला मला दोनदा जावं लागलं. बसायला एक स्टूल, तेही बहुतेक वेळा पान्यांनी भरलेलं. बाईमाणसाला जाता येईल असं बाथरूम जवळपास नाही, दिवसभर थांबायचं तर हे आधी ठरवून जा. आणि मास्टर काढताना पोराच्या हातून मडगार्डवर ऑइल सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं. त्यानं पाणी ओतलं खरं, पण उशिरा, आणि रुपयाएवढा रंग उचलला गेला. मिस्त्रींनी स्वतःहून मजुरीतले शंभर कमी केले (९०० हे त्यानंतरचे), तरी त्या जागी जाड फडकं आधीच टाकायला हवं होतं. पोरांना त्यांनी हे शिकवावं, मी तोंडावरही सांगितलं.

दुकान सोमवारी बंद. सकाळी नऊला गेलात तर मिस्त्री स्वतः गाडी बघतात, अकरानंतर पोरं बघतात. चकचकीत गॅरेजची सवय असलेल्यांना तिथं करमणार नाही. पण ज्यांची गाडी पंधरा-वीस वर्षांची आहे आणि ज्यांना आपल्या गाडीत काय बिघडलंय हे डोळ्यांनी बघायचं असतं, त्यांनी जरूर जावं. मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या रंगासाठी कापला.

निघताना मिस्त्रींनी डबीवर मार्करनं पातळीची रेघ मारून दिली. आठ महिने झाले. आईला आणायला दर महिन्याला करूळ किंवा भुईबावडा घाट उतरते, आणि निघायच्या आधी बॉनेट उघडून बघते. ऑइल अजून त्याच रेघेवर आहे.