चार फुटी टँकमधली वाम आणि तिचं स्केच: आठ महिन्यांनंतर

दुकानात 'झिगझॅग ईल' म्हणून मिळते ती बहुतेकदा आपल्या नद्यांतलीच वाम, सापासारखा लांब मासा, शास्त्रीय नाव मास्टासेंबेलस आर्मेटस. ती खरी ईल नव्हे. पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. कोकणात समुद्रातल्या ज्या माशाला वाम म्हणतात, तो मात्र खरा ईल. नदीतली वाम विकताना वीतभर असते आणि तिथेच लोक फसतात. टँकमध्येही ती दीड-दोन फूट होते. 4 बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण 250 लिटर, याहून लहान टँक घेऊ नये.

पैसे वाचवायचे तर दिव्यात वाचवा, वाळूत नको. ती दिवसभर वाळूत पुरून घेते, फक्त मुस्कट वर. गोल कणांची बारीक वाळू 5-7 सेंमी हवी. खडीने किंवा क्रश सँडने अंग खरचटतं, मग जखम चिघळते. वाळू फिल्टरमध्ये खेचली जाऊ नये म्हणून इनटेक, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, तळापासून 10 सेंमी वर ठेवून त्यावर स्पंज चढवा. झाकणात पाइप-वायरसाठी ठेवलेली भोकंही स्पंजनेच बुजवा. बोट जाईल एवढी फट तिला पुरते, आणि सकाळी ती फरशीवर सुकलेली सापडते. हलवताना जाळी नको, काटे अडकतात, डब्यात घ्यावी.

सुरुवातीला बऱ्याच वामी उपासमारीने मरतात. पेलेट, म्हणजे खाद्याच्या कोरड्या गोळ्या, ती सहसा तोंडात धरत नाही. दिवे गेल्यावर लांब चिमट्याने गांडुळाचे तुकडे किंवा सोललेली कोळंबी थेट मुस्कटाजवळ न्या, आठवड्यातून तीनदा. दिवसा टाकलेलं बाकीचे मासे फस्त करतात. डोक्यामागे अंग खपाटीला गेलं की समजा, पोटात काही जात नाहीये. गप्पी, निऑनसारखे छोटे मासे सोबत ठेवलेत तर रात्री एकेक कमी होतात. पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध टाळा, तिला ते सोसत नाही. तापमान दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांपर्यंत न्या आणि एअर वाढवा. एरवी 25-27 ठीक. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, अँटी-क्लोरीन घालूनच.

आता स्केच. टँक समोरून, काचेला काटकोनात बसून बघा. तिरकं बघितलं की पाण्यामुळे लांबी आखडते आणि अख्खं चित्र बिघडतं. खोलीतले दिवे बंद, टँकवर मंद लाल दिवा. वाळूतून बाहेर आलेलं डोकं हा सगळ्यात सोपा विषय, कारण ते बराच वेळ हलत नाही. मुस्कटाचं टोक मात्र सतत चाचपडत असतं: मधे मांसल बोंड, दोन्ही बाजूंना नळीसारख्या नाकपुड्या. तोंड त्याच्या खाली, लहान. नवखा हमखास सापाचं डोकं काढतो.

पोहताना अंगाची लाट काढायची तर आधी कण्याची एकच रेघ ओढा, मग जाडी द्या. पाठीचा, शेपटीचा आणि गुदद्वारामागचा पर एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून शेपटी वेगळी काढू नये. पोटावरची परांची जोडी नसतेच. छातीचे पर छोटे, गोल पंख्यासारखे. अंगावरची जाळीदार नक्षी 4बी पेन्सिलने अगदी शेवटी, पाठीकडून सुरू करून. पोटाकडे ती फिकट होत जाते, तिथे कागद कोराच राहू द्या.